रक्तदात्याला त्याचा रिपोर्ट कळू द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

गणेशोत्सव, शिवजयंती, आंबेडकर जयंती, पुढाऱ्यांचे वाढदिवस, निमित्त कुठलंही असो, आपल्याकडे रक्तदान शिबिर ठरलेलं. वर्षाकाठी २० लाखांच्या घरात पिशव्या गोळा करणारं आपलं राज्य यात देशात आघाडीवर आहे. आमच्या मंडळाचं शिबिर मीही बरीच वर्षं घेतोय. त्या नात्याने लिहितो.

प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. ती सक्तीचीच आहे. यातल्या विषाणूंमध्ये सर्वांत जास्त सापडतो तो यकृतावर हल्ला करणारा हेपॅटायटिस बी. देशभरात साधारण शंभर दात्यांमागे एकाच्या आसपास, कुठे कमी, कुठे जास्त. टक्केवारी किरकोळ वाटते. पण २० लाखांत नुसता अर्धा टक्का धरला तरी १० हजार माणसं होतात. आणि ही माणसं कोण? वजन, हिमोग्लोबिन बघून, आजारांची चौकशी करून, धडधाकट म्हणून निवडलेली. बाकी समाजात प्रमाण याहून जास्तच असणार.

बाधित पिशवी बाद होते, नष्ट केली जाते. रुग्ण वाचतो. ज्याच्या अंगात तो विषाणू आहे, त्या दात्याचं पुढे काय होतं?

रक्तदानाच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो: तपासणीत काही दोष आढळल्यास आपल्याला कळवायचं का? गर्दीच्या वेळी आमचेच कार्यकर्ते टेबलावर बसून फॉर्म भरून देतात. नाव, वय, वजन, आणि पुढे वरपासून खालपर्यंत एका दमात टिकच्या खुणा. त्या प्रश्नापाशी कोणी थांबत नाही. मोबाइलच्या रकान्यात कधी एक आकडा कमी, कधी मित्राचाच नंबर. रक्तपेढीचा फोन लागला नाही की विषय संपला. काही रक्तपेढ्या फोनही करत नाहीत.

आमच्या एका नियमित दात्याला हेपॅटायटिस बी आहे हे कळलं ते हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत. भिंतीवर रक्तदानाची प्रमाणपत्रं लावलेला माणूस. एकाही रक्तपेढीने त्याला कधी काही कळवलं नव्हतं. बायकोची तपासणी निगेटिव्ह आली, तिला लगेच लस मिळाली. त्याच्या यकृताला मात्र तोवर इजा झालेली होती.

हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि काहींच्या बाबतीत सिरोसिस (यकृत कायमचं निकामी होत जाणं) किंवा यकृताचा कॅन्सर होऊनच पुढे येतो. आईकडून तो बाळंतपणात मुलाकडे जातो. बाळांना याची सरकारी लस देशभर मिळू लागली ती २०११ च्या सुमारास. शिबिरात येणारी बहुतेक मंडळी त्याच्या कितीतरी आधी जन्मलेली. आता हेपॅटायटिस सी तर तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो, बी औषधांनी आटोक्यात राहतो. २०१८ च्या राष्ट्रीय हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधं मोफत आहेत. रोग सापडतो, औषध आहे, आणि मधला निरोप तेवढा पोचत नाही. याचा मला मनापासून संताप येतो.

२०११ मध्ये गुजरातेत जुनागढला आणि २०२५ मध्ये झारखंडात चाईबासाला, थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारामुळे वारंवार रक्त चढवावी लागणारी मुलं एचआयव्हीबाधित आढळली. नॅट तपासणी, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधून संसर्ग नेहमीच्या चाचणीपेक्षा लवकर पकडणारी तपासणी, सक्तीची करा, असं अशा मुलांचे पालक सांगताहेत. मीही त्यांच्या बाजूने आहे. त्याला पैसा लागेल, यंत्रं लागतील. दात्याला निरोप द्यायला यातलं काही लागत नाही.

राज्य रक्त संक्रमण परिषद रक्तपेढ्यांकडून किती पिशव्या बाधित निघाल्या हे विचारतेच. त्यातल्या किती दात्यांशी बोलणं झालं, किती जण जिल्हा रुग्णालयात पोचले, हेही विचारावं आणि जिल्हावार आकडे दर वर्षी जाहीर करावेत. फॉर्मवरचा तो प्रश्न समुपदेशकानेच, बाजूला घेऊन विचारावा. पहिली तपासणी चुकूही शकते, म्हणून खात्रीची दुसरी तपासणी आणि समोरासमोर बोलणं आवश्यक आहे. फोनवर दोन वाक्यांत सांगून माणूस नुसता हादरतो. आणि कृपा करून आम्हा आयोजकांना कुणाचंही नाव कळू देऊ नका. गावात अशी गोष्ट संध्याकाळपर्यंत पारावर पोचते.

१ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिनाआधी तसं परिपत्रक निघावं, ही विनंती.

आपला,
एक शिबिर आयोजक