तोंडात बॅटरी कोण मारणार?

महोदय,

घोडबंदर रोडवर झालेल्या कर्करोग तपासणी शिबिराची बातमी आपल्या ठाणे पुरवणीत वाचली. वागळे इस्टेटमध्ये मी बरीच वर्षे दवाखाना चालवते, त्यामुळे त्या शिबिराचे काही रिपोर्ट माझ्याही टेबलावर आले.

एक बत्तीस वर्षांची बाई. घराण्यात कर्करोग नाही, तक्रार काही नाही. पण रक्तातले ‘सीए-१२५’ (अंडाशयाच्या कर्करोगात वाढणारे प्रथिन) थोडे वाढलेले आणि झोप उडालेली. पाळी चालू असताना किंवा फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ) असले तरी हा आकडा वाढतो. निरोगी बायकांच्या सरसकट तपासणीसाठी ही चाचणी नाहीच. सोनोग्राफीचे पैसे गेले, निघाले काही नाही. तिच्यासोबत आलेला दीर रिक्षा चालवतो, गालात मावा. तोही शिबिराला गेला होता. रक्त घेतले, पण तोंडात कोणी बॅटरी मारली नव्हती. तीन बोटे उभी जातील इतकेही त्याचे तोंड उघडत नव्हते, आणि मावा खाणाऱ्यात ही कर्करोगाआधीची धोक्याची खूण असते!

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून आरोग्यसेवकांनी लोकांची तोंडे नुसती डोळ्यांनी तपासली. २००५ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा तंबाखू-दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी दिसले. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर ठोस फरक नव्हता. म्हणजे आधी कोणाला बसवायचे ते उघड आहे.

हे आम्हा फॅमिली डॉक्टरांना पटते, पण अर्धेच. जोखीम जास्त त्याला लवकर पाठवा, यावर कोणाचे दुमत नाही. जोखीम कमी त्याला ‘तुम्हाला सध्या गरज नाही’ सांगा म्हटले की हात आखडतो. उद्या त्यालाच काही निघाले तर ‘डॉक्टरांनीच अडवले’ हे ऐकायचे कोणी? त्यापेक्षा चिठ्ठी लिहिली की सुटलो. शिवाय बाहेर रांग लागलेली असताना घराण्याचा इतिहास विचारायचा कधी? विचारलाच तर आई-मावशीपाशी थांबतो. आत्या हमखास राहते, जणू स्तन-अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष बापाकडून येतच नाही.

गर्भाशयमुखाच्या तपासणीतून मात्र मी कोणालाही सूट देणार नाही. सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर ती सर्व स्त्रियांसाठी आहे आणि ते योग्यच आहे.

महापालिकेने आणि डॉक्टरांच्या स्थानिक संघटनेने मिळून आम्हाला एक पानभर मराठी तक्ता द्यावा: वय, तंबाखू-मिश्री, दोन्हीकडच्या रक्ताच्या नातेवाइकांचे कर्करोग, आणि त्यावरून कोणाला काय व किती वर्षांनी. कोणाला काय नको, हेही त्यावर छापलेले हवे. ते छापील असेल तर नकार देताना आम्ही एकटे पडणार नाही. आणि शिबिरांना परवानगी देताना रक्ताच्या बाटल्यांआधी एक बॅटरी, एक लाकडी पट्टी आणि तोंड बघता येणारा माणूस आहे का, एवढे विचारावे.

— एक फॅमिली डॉक्टर, वागळे इस्टेट, ठाणे