'मारहाण नाही म्हणजे हिंसाचार नाही' असं छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात सहाव्या पानावर कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर जो लेख आला, तो मी दोनदा वाचला. रात्री झोप लागली नाही, म्हणून आज सकाळीच हे पत्र लिहायला घेतलं. लेखकाच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण 'प्रत्यक्ष मारहाण झालेली नसेल तर तो विषय कायद्याचा नसून समुपदेशनाचा आहे' हे वाक्य छापण्याआधी तुमच्याकडे कोणी कायदा उघडून पाहिला का?

२००५ च्या कायद्याचं कलम ३ काढा. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक, असे चार प्रकार तिथे नावानिशी दिले आहेत. मूल होत नाही, मुलगा होत नाही म्हणून घालूनपाडून बोलणं त्यात येतं. स्त्रीधन काढून घेणं, तिच्या हक्काचा पैसा अडवणं, राहत्या घरात यायला मज्जाव करणं, हेसुद्धा येतं. २६ ऑक्टोबर २००६ पासून हा कायदा लागू आहे. त्या वर्षी जन्मलेल्या मुली आता लग्नाच्या वयाच्या झाल्या, आणि आपण अजून 'वळ दिसतात का?' इथेच अडलेलो आहोत.

हे मला इतकं का लागलं ते सांगते. माझ्या धाकट्या बहिणीला विचारूनच लिहिते आहे.

ती शाळेत शिक्षिका आहे आणि मी बँकेत होते. २०१८ साली एकदा मधल्या सुट्टीत ती आमच्या शाखेत आली, 'ताई, एवढं पासबुक भरून दे' म्हणाली. शाळेच्या कपाटात जुन्या हजेरीपत्रकांच्या खाली तिने ते दडवून ठेवलेलं होतं. यंत्रातून पान निघत होतं आणि मी आतल्या बाजूला उभी राहून वाचत होते. पगार जमा, की दोन दिवसांत सगळी रक्कम एटीएममधून बाहेर. पुढच्या महिन्यात तेच. शिल्लक कधी दोनशे, कधी नव्वद रुपये. कार्ड नवऱ्याच्या खिशात आणि पिन त्यालाच ठाऊक. तिला रोज सकाळी एसटीपुरते पैसे मोजून मिळायचे, आणि संध्याकाळी तिकीट दाखवून उरलेले सुटे ती त्याच्या हातावर ठेवायची. कमावती बाई, दहावीचं गणित शिकवणारी.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं, हे कधीपासून चाललंय? ती म्हणाली, "पण ताई, मारत नाही गं तो."

संपादक महाराज, तुमच्या लेखात मला हेच वाक्य पुन्हा दिसलं. सात वर्षं तिने स्वतःची समजूत याच वाक्यावर घातली होती. कालचा अंक वाचून आणखी किती जणींनी तशीच घातली असेल?

पुढे आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी पहिलाच प्रश्न विचारला, अंगावर काही खुणा आहेत का, मेडिकल केलंय का? मी पासबुक पुढे केलं. त्यांनी ते न उघडता परत सरकवलं आणि 'हे पैशाचं आहे, घरात बसून मिटवा' असं सांगितलं. खरं तर कलम ५ प्रमाणे अशी तक्रार आली की पोलिसांनी त्या बाईला तिचे हक्क सांगायचे असतात: दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, मदतीला सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी आहेत, वकील मोफत मिळतो. त्यातलं एक अक्षर आमच्या कानावर पडलं नाही. मला ते सगळं नंतर स्वतः वाचून कळलं.

तुमच्या लेखातली दुसरी चूक याहून महागाची आहे. 'घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असल्यास सुनेला तिथे राहण्याचा अधिकार नाही' असं त्यात म्हटलं आहे. हा सर्वोच्च न्यायालयाच्याच डिसेंबर २००६ मधल्या निकालाचा अर्थ झाला. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सतीश चंदर आहुजा प्रकरणात तो निकाल चुकीचा ठरवला. घर सासऱ्यांच्या मालकीचं असलं, तरी सून तिथे नांदत असेल तर ते तिचं 'सामायिक घर', म्हणजे तिला राहण्याचा हक्क असलेलं घर, ठरू शकतं. म्हणून तिला मालकी मिळते असं नाही, आणि म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांचा विचारही न्यायालयाला करावाच लागतो. पण कायदेशीर मार्गाशिवाय तिला उठवून बाहेर काढता येत नाही. माझ्या बहिणीला २०१८ मध्ये वकिलांनी तेच जुनं सांगितलं. घर सासूबाईंचं होतं. एका संध्याकाळी ती एक बॅग आणि मुलाचं दप्तर घेऊन माझ्या दारात आली. त्या वकिलांना मी दोष देत नाही, तेव्हा कायद्याचा अर्थ तसाच लावला जात होता. पण आज तुम्ही तेच छापता, याला काय म्हणायचं? कालचा लेख वाचून एखादी बाई आज बॅग भरत असेल.

तक्रार केली की नवरा तुरुंगात जातो, हाही समज लेखाने पक्का केला. सासरच्या छळाच्या गुन्ह्याचं कलम ४९८अ (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) वेगळं आणि हा कायदा वेगळा. इथे बाई दंडाधिकाऱ्यांकडे संरक्षण, निवारा, खर्च, मुलाचा ताबा मागते. त्यासाठी कोणाला अटक होत नाही. दिलेला संरक्षण आदेश मोडला, तर मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'पोराचा बाप जेलमध्ये जाईल' या एका भीतीने माझ्या बहिणीने अर्ज करायला पाच महिने लावले.

आणि अर्ज केल्यावर? कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत, आणि पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा. आमची नोटीसच तीनदा परत आली. शेरा, 'घर बंद'. त्याच घराच्या अंगणात रोज कपडे वाळत होते, मी स्वतः पाहून आले. दारावर नोटीस चिकटवण्याची सोय नियमांत आहे, ती चौथ्या खेपेला आठवली. अंतरिम खर्चाचा आदेश मिळायला चौदा महिने गेले. संरक्षण अधिकारी बाई वाईट नव्हत्या. त्यांच्याकडे दुसऱ्या एका कामाचा पूर्ण भार होता, हे काम जादा म्हणून दिलेलं, फिरायला गाडी नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की संरक्षण अधिकारी नेमा. कायदा येऊन जवळजवळ वीस वर्षं झाल्यावर! लेख लिहायचाच होता तर यावर लिहायचा होता. आपल्या तालुक्याला संरक्षण अधिकारी कोण, कुठे बसतात, कोणत्या वेळेला भेटतात, एवढं जरी छापलं असतं तरी कोणाच्या तरी उपयोगी पडलं असतं.

लिहिते आहेच तर आणखी एक. तुमच्या तिसऱ्या पानावर 'किरकोळ घरगुती वादातून पत्नीचा खून' असा मथळा मी या महिन्यात दोनदा वाचला. बाईचा जीव गेला, त्यात किरकोळ काय होतं? वाद होता हे तरी तुम्हाला कोणी सांगितलं, ती तर सांगायला उरली नाही. आरोपीने ठाण्यात जे कारण सांगितलं ते तुम्ही जसंच्या तसं मथळ्यात चढवता. हा शब्द आजपासून बंद करा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

कालच्या लेखाची दुरुस्ती सहाव्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात यावी. आतल्या कोपऱ्यात दोन ओळींचा खुलासा नको. शेजारी एक चौकट करून हिंसाचाराचे चारही प्रकार, आणि महिला हेल्पलाइनचा १८१ हा क्रमांक द्या. न्यायालयाच्या आदेशाची प्रत बाईला विनामूल्य मिळते, हेही टाका. आमच्याकडून त्या प्रतीचे पैसे घेतले होते.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी

(बहिणीचं प्रकरण अजून न्यायालयात आहे, म्हणून कृपया नाव-गाव छापू नये.)