वेस्ले चॅपेल हे केवळ संग्रहालय नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील लंडनवरच्या लेखात सिटी रोडवरील वेस्ले चॅपेलचा उल्लेख ‘आता संग्रहालय झालेले जुने चर्च’ असा वाचला आणि लेखकमहाशय फाटकावरूनच परतले असावेत, अशी शंका आली. संग्रहालय आहे, पण ते तळघरात. वर, मेथॉडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ले यांनी १७७८ साली उघडलेल्या वास्तूत, आजही दर रविवारी उपासना होते.

मुलीकडे गेलो असताना मी तेथे गेलो, तेव्हा दुपारची छोटी उपासना सुरू होती. माणसे जेमतेम वीस. पाळक, म्हणजे तेथील धर्मगुरू, प्रभुभोजनाच्या पवित्र विधीतील भाकर मोडत असताना मागून शुद्ध मराठीत आवाज आला, “अगं, जरा डावीकडे सरक, खिडकीची रंगीत काच येऊ दे!” आपल्याकडचाच पर्यटकांचा जथा होता. तेथील वयस्कर सेवकाने एका शब्दानेही न रागावता प्रत्येकाच्या हाती योग्य पान उघडून गीतपुस्तक दिले. एका गृहस्थांनी ते फुकटचे माहितीपत्रक समजून सरळ पिशवीत टाकले. मी मात्र मराठी कळत नसल्याचा चेहरा करून बसून राहिलो, हेही येथे कबूल करतो. बाहेर आल्यावर त्यांचा छापील कार्यक्रम पाहिला : ‘चर्च म्युझियम, २० मिनिटे’. आपल्या लेखाने अशा कार्यक्रमपत्रिकांना आता आयताच आधार दिला आहे.

लेखात तेथील व्हिक्टोरियन काळातील पुरुषांच्या शौचालयाला चार ओळी मिळाल्या. वेस्ले ज्या घरात १७९१ मध्ये वारले ते शेजारचे घर आणि चॅपेलमागची त्यांची समाधी यांची बोळवण मात्र अर्ध्या ओळीत झाली. आळंदीचे वर्णन कोणी काकडआरती वगळून आणि तेथील स्वच्छतागृहाची तारीफ करून केले असते, तर आपण ते छापले असते काय?

शिवाय मेथॉडिस्ट हा, लेखात म्हटल्याप्रमाणे, ‘कॅथलिकांचा एक पंथ’ नव्हे. वेस्ले हे रोमच्या कॅथलिक चर्चपासून वेगळ्या झालेल्या चर्च ऑफ इंग्लंडचे दीक्षित धर्मगुरू होते आणि अखेरपर्यंत तसेच राहिले. आपल्या दैनिकातील दुरुस्त्या सहसा राशिभविष्याखाली, भिंग घेऊन वाचाव्या लागतील अशा अक्षरांत येतात. ही दुरुस्ती पुरवणीतच, लेखाच्याच जागी छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली (पूर्व)