स्वच्छतागृहाच्या दाराशेजारी पालघट देवी : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

पालघर जिल्ह्यातील एका सरकारी कार्यालयाच्या ज्या आवारभिंतीवर आमच्या पाड्यावरील चौदा बायका वारली चित्रे काढतील, असे दिवाळीपूर्वी बैठकीत सांगितले गेले होते, त्या भिंतीवर गेल्या सोमवारी छापील फ्लेक्स चिकटवण्यात आला. तारपा नाचाच्या फेऱ्यात तारपा हे फुंकवाद्य वाजवणाराच नाही आणि आमच्या लग्नांची देवी असलेल्या पालघट देवीचा चौक, म्हणजे तिचे चौकोनी चित्र, स्वच्छतागृहाच्या दाराशेजारी आला आहे.

आमच्यात चौक काढत नाहीत, लिहितात. लग्नघरी गेरूने सारवलेल्या कुडावर सवाशिणी तांदळाच्या पिठीने तो लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, आणि त्या चौकाशिवाय लग्न लागत नाही. माझ्या आईने अनेक लग्नांचे चौक लिहिले आहेत. भाताची झोडणी उरकून आम्ही रात्री आराखडे केले, मजुरी बुडवून भिंतीची मापे घेतली. आई फ्लेक्ससमोर बराच वेळ उभी राहिली, मग पदराने डोळे पुसत एकही शब्द न बोलता घरी आली आणि त्या रात्री जेवली नाही. तिची मुलगी म्हणून हे मी विसरू शकत नाही.

आम्ही नोंदणीकृत ठेकेदार नाही, म्हणून काम देता आले नाही, असे आम्हाला तोंडी सांगण्यात आले. तरीही उद्घाटनाला आमच्यातल्या चौघींना बोलावून, हातात कोरडे कुंचले देऊन, त्यांचे फोटो काढले गेले, कारण प्रस्तावात ‘लोकसहभाग’ लिहिलेला होता. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री दिली गेली, 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र ज्यांची ही कला आहे त्यांना निविदेच्या कागदात जागा नाही. आमची चित्रे साडीपासून सरकारी भिंतीपर्यंत सर्वांना हवी आहेत, पण कोणते चित्र कुठे शोभते आणि कुठे विटंबना ठरते, हे आम्हाला विचारण्याची गरज कोणत्याही खात्याला वाटत नाही. लोकांना सोबत घेऊन सार्वजनिक कला करायची, तर भिंत ठरण्याआधी पाड्यावर बसावे लागते आणि काम करणाऱ्या बाईला कारागिराची मजुरी द्यावी लागते.

पालघटेचा तो भाग या आठवड्यात सन्मानाने उतरवावा आणि भिंतीबाबतचा निर्णय ग्रामसभेसमोर ठेवावा. आमचे आराखडे तयार आहेत. उत्तर मात्र लेखी हवे.

आपली,
पाड्यावरची एक शिक्षिका