स्कॉटलंडमधल्या डंडीहून, बाबांना आणि दुकानात जो कोणी वाचेल त्याला

ती. बाबा आणि आई, सा. न.
आज्जीला पण नमस्कार.

पत्रास कारण की, रविवारी बाबा तुम्ही "बरं बरं" म्हणून फोन आईकडं दिलात, आणि तुमचं ते बरं बरं मला चांगलं ओळखू येतं. फोनवर मी काही सांगायला गेले की आवाज तरी तुटतो नाहीतर आज्जी मधेच जेवलीस का विचारते, म्हणून नीट बसून टाईप करतेय. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांगा, मोबाईलवर वाचून आईचं डोकं दुखतं. दुकानात गिऱ्हाईक असलं तर मोठ्यानं वाचू नका एवढंच.

मी मजेत आहे. जेवण, थंडी, हीटर, कानटोपी, केस गळणं हे सगळं बोलून झालंय, ते परत लिहीत नाही.

आईनं नंतर हळूच सांगितलं की आत्याच्या मिस्टरांनी तुमच्या डोक्यात भरवलंय, मी काम करते तसल्या कॉम्प्युटर गेमच्या कंपन्या असल्या तर लंडनला असतील, त्या वरच्या कोपऱ्यातल्या गावात कशाला असतील, पोरीला कुणी फसवलं तर नाही ना. तर बाबा, नाही फसवलं. उलट गेमच्या बाबतीत हे गाव जुनं आहे, आणि का ते तुम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त पटेल, कारण तुम्ही एमआयडीसीत आयुष्य काढलंय.

डंडी काही फार मोठं नाही, दीड लाखाच्या आसपास वस्ती, म्हणजे आपल्या साताऱ्याएवढंच म्हणा, आणि गावाच्या मधोमध डोंगर, तो पण अजिंक्यताऱ्यासारखा, कुठूनही दिसतो. आधी हे गाव तागावर चालायचं. आबा मार्केट यार्डात अडतीवर होते तेव्हा जी बारदानं उचलायचे तसल्या कापडाच्या गिरण्याच गिरण्या होत्या इथं. ताग आपल्या बंगालचा, जहाजातून यायचा, इथं व्हेल माशाचं तेल लावून मऊ करायचे. पुढं कलकत्त्याकडं गिरण्या निघाल्या आणि इथल्या एकेक करून बसल्या. दुसरं महायुद्ध झाल्यावर टाइमेक्सची घड्याळाची फॅक्टरी आली. लाईनवर बहुतेक सगळ्या बायका, बारीक काम, हात लई साफ. म्हणून १९८० नंतर सिंक्लेअर नावाच्या कंपनीनं आपले कॉम्प्युटर जोडायचं काम ह्याच फॅक्टरीला दिलं. १९८२ ला त्यांचा झेडएक्स स्पेक्ट्रम आला, रबराच्या बटणांचा, टीव्हीला जोडायचा, सगळ्यात स्वस्त मॉडेल १२५ पाऊंडाला. आत मेमरी फार तर ४८ केबी, म्हणजे दादा ग्रुपवर रोज जो गुड मॉर्निंगचा फोटो टाकतो ना, तोसुद्धा त्यात मावणार नाही. गेम कॅसेटवर यायची. आईच्या भावगीतांच्या असायच्या तसलीच कॅसेट, टेपरेकॉर्डरला लावायची, पाच मिनिटं कर्कश्श किर्र आवाज ऐकायचा आणि मग गेम चालू, नाहीतर पहिल्यापासून.

आणि फॅक्टरी गावातच, म्हणून इथं कॉम्प्युटर घराघरात गेला. थोडे मागच्या दारानं पण बाहेर पडले असं इथली म्हातारी माणसं हसत सांगतात, खरंखोटं त्यांनाच माहीत. पोरं गेम खेळता खेळता प्रोग्रॅम लिहायला लागली. किंग्जवे टेक्निकल कॉलेजमध्ये एक हौशी कॉम्प्युटर क्लब होता, तिथं चार पोरं एकत्र आली, डेव्हिड जोन्स, माइक डेली, रसेल के आणि स्टीव्ह हॅमंड. आता बाबा, हे नीट वाचा. हा जोन्स टाइमेक्समध्येच अप्रेंटिस होता. कंपनीला उतरती कळा लागली तेव्हा त्यानं पैसे घेऊन नोकरी सोडली, आपल्याकडं व्हीआरएस म्हणतात तसंच, आणि त्या पैशातून अमिगा नावाचा भारी कॉम्प्युटर घेतला. घरचे काय म्हणाले असतील त्याला! तुम्ही व्हीआरएसच्या पैशातून झेरॉक्स मशीन घेतलंत तेव्हा मामा काय काय बोलला होता ते मला अजून आठवतंय, मी लहान होते तरी. त्या मशीनवर दादाची आणि माझी शिक्षणं झाली. आणि ह्यानं त्या अमिगावर गेम लिहिली आणि कंपनी काढली, डीएमए डिझाईन. खुद्द टाइमेक्सचं पुढं वाईट झालं. १९९३ च्या जानेवारीत कामगार कपात, मग संप, बायका महिनोनमहिने गेटवर उभ्या, आणि ऑगस्टमध्ये फॅक्टरीला कायमचं कुलूप. हे सगळं तुम्ही पण बघितलंय, मी काय सांगणार.

डीएमएची नाव काढणारी गेम म्हणजे लेमिंग्ज, १९९१ ची. हिरव्या केसांची छोटी छोटी माणसं रांगेनं चालत येतात, अजिबात डोकं नाही, समोर कडा असला तरी चालतच राहतात आणि पडून मरतात. मग आपण कुणाला खणायला लावायचं, कुणाला पूल बांधायला, कुणाला हात पसरून बाकीच्यांना अडवायला, आणि शंभरातले जेवढे वाचवता येतील तेवढे पलीकडं न्यायचे. हे सुचलं कसं, तर फक्त आठ बाय आठ ठिपक्यांत चालणारा माणूस बसवता येतो का ह्याच्यावरनं ऑफिसात पैज लागल्यासारखं झालं आणि डेलीनं जेवणाच्या सुट्टीत करून दाखवलं. आता त्या लेमिंग्जचे ब्राँझचे पुतळे आहेत इथं पर्थ रोडला, बागेच्या दगडी खांबावर चढताना. पुढारी नाही, राजा नाही, गेममधली बाहुली! मी त्यांच्याबरोबर काढलेला सेल्फी ग्रुपवर टाकला होता, त्याला तुम्ही अंगठा दिला होतात पण हे काय आहे ते विचारलं नव्हतं.

दादा, हे तुझ्यासाठी. १९९७ ला ह्याच कंपनीनं पहिली जीटीए, म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो, ती गाड्या पळवायची गेम काढली. वरनं बघायची होती तेव्हा, गाड्या म्हणजे काड्यापेट्या. पुढं कंपनी विकली गेली, एडिनबरोला गेली आणि रॉकस्टार नॉर्थ झाली, तिनंच जीटीएची वाइस सिटी केली. म्हणजे दुकानातल्या कॉम्प्युटरवर जी टाकल्याबद्दल बाबांनी तुला पोवई नाक्यावर सगळ्यांदेखत हाणलं होतं ना, तिचं मूळ ह्या गावात. बाबा, त्याला आता लग्नाच्या आधी एकदा सॉरी म्हणून टाका.

१९९७ लाच इथल्या ॲबर्टे युनिव्हर्सिटीनं गेमची डिग्री चालू केली, जगात पहिल्यांदा असं मानतात, आणि मी तिथनंच शिकून बाहेर पडले, म्हणजे कालपरवा निघालेला क्लास नाही हा. शेजारचा अथर्व दिवसभर माइनक्राफ्ट खेळतो, त्याची एक्सबॉक्सवरची आवृत्ती पण इथल्याच फोरजे स्टुडिओनं केली होती. त्याला सांगा, भाव खाईल शाळेत.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कंपनी बुडाली तर? हो, बुडतात, खोटं कशाला बोलू. ह्या जोन्सचीच दुसरी कंपनी होती रिअलटाइम वर्ल्ड्स, त्यांनी मोठ्ठी ऑनलाईन गेम काढली आणि २०१० मध्ये गेम आल्यावर दोन महिन्यांच्या आत कंपनी बसली, माणसं एका झटक्यात घरी. पण त्यातले बरेच जण गाव सोडून गेले नाहीत, इथंच छोट्या छोट्या कंपन्यांत शिरले, कुणी स्वतःची काढली. एक बंद पडली तर दुसऱ्या दारात जायला दुसरं दार आहे, हे तुमच्या वेळी नव्हतं. आमच्याकडं पण मध्यंतरी थोडे लोक कमी केले. मी त्यात नव्हते. तेव्हा सांगितलं नाही कारण आईचं बीपी. आता झालं गेलं, विषय संपला, ह्यावर फोन करू नका.

मी काय करते ते पण एकदाच सांगते. सध्या आमच्या गेममध्ये एक पोरगी आहे, ती कड्याकड्यांवरनं उड्या मारते. खेळणारा बटण दाबतो तेव्हा बऱ्याचदा ती कडा सोडून पुढं गेलेली असते, म्हणजे नियमानं पडायला पाहिजे. पण तसं पाडलं की माणूस चिडतो, मी वेळेवर दाबलं होतं म्हणतो. मग आम्ही कडा सुटल्यावरसुद्धा त्याला सहा फ्रेमची, म्हणजे पडद्यावर एकामागोमाग येणाऱ्या सहा चित्रांची, सूट देतो, सेकंदाचा दहावा भाग, तेवढ्यात दाबलं तर उडी धरली जाते. खेळणाऱ्याला कळत पण नाही. चार केली तर लोक शिव्या घालतात, दहा केली तर पोरगी हवेत चालल्यासारखी दिसते. हे जुळवायचे मला पैसे मिळतात. हसू नका, तुम्ही पण कंपनीत मायक्रोमीटर घेऊनच बसायचात.

ऑफिसची माणसं चांगली आहेत, फक्त त्यांचा एक प्रकार माझ्या अजून पचनी पडलेला नाही. आई, चहा. इथं ऑफिसात चहावाला नाही, मशीन नाही, किटली आहे. आणि आपल्यापुरता चहा करून घेणं म्हणजे लई मोठा गुन्हा. तुला चहा हवाय ना, मग उठायचं आणि खोलीतल्या प्रत्येकाला विचारायचं, तुला हवा का, तुला हवा का. ज्याला दोन मिनिटांपूर्वी नको होता त्याला पण आता हवा असतो. प्रत्येकाचा कप वेगळा, ह्याचा मांजराचा, त्याचा फुटबॉलचा, चुकून दुसऱ्याचा घेतला तर तोंडावर काही बोलत नाहीत पण दिवसभर गप्प. एकाला दूध आधी, एकाला नंतर, एकीला ओटचं दूध, एकाला पिशवी आतच ठेवून. मग ट्रे घेऊन सगळ्यांना वाटत फिरायचं, बॉस असला तरी. आणि एवढं सगळं करून तो चहा म्हणजे काय, तर गरम पाण्यात पिशवी बुडवायची. उकळत नाहीत! आलं नाही, वेलची नाही, साखर घातली तर बघतात. आणि कुणी तीन-चार वेळा आयता घेतला आणि स्वतः उठलाच नाही तर हे लक्षात ठेवतात, तोंडानं कुणी म्हणत नाही पण हिशोब चालू असतो. सुरुवातीला मला वाटायचं पाहुण्यासारखं मला आणून देतायत, केवढी माया. परवा चहा करायची वेळ माझ्यावर आली तेव्हा मी पातेलं नेलं आणि आपला उकळून केला, आलं ठेचून. दोघं म्हणाले भारी आहे, एकानं अर्धा ओतला. त्याला वाढदिवसाला दिलेली खजुराची बर्फी पण तशीच पडून होती, तो माणूसच तसा आहे.

आता कामाचं. कंपनी माझा नोकरीचा व्हिसा करतेय, ही आनंदाची बातमी आहे, म्हणून आधी आनंद करा. पण त्यात हेल्थ सरचार्ज म्हणून, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यासाठी, वर्षाला १,०३५ पाऊंड आधीच भरायचे असतात, तीन वर्षांचे एकदम, म्हणजे तीन लाखांच्या वरच जातात. तो मला भरावा लागतोय. त्यामुळं पुढच्या दोन महिन्यांचा लोनचा हप्ता मला पूर्ण जमणार नाही, अर्धा पाठवीन. बाबा, एफडी मोडू नका. दादाच्या लग्नाच्या पैशाला तर हातच लावू नका, मी बँकेत मेल केलाय, बघू काय म्हणतात. जानेवारीपासून परत पूर्ण.

आणि दुसरं म्हणजे अर्ज पेंडिंग असताना देशाबाहेर गेलं तर अर्ज रद्द धरतात. म्हणजे डिसेंबरात मला येता येणार नाही. मी सगळीकडं विचारून झालं, वकिलाला पण विचारलं. दादा, वहिनीला माझ्या वतीनं सांग, मी तिच्याशी स्वतः पण बोलणार आहे. करवली म्हणून चिमीला उभं करा, तिला माझी जांभळी पैठणी द्या, कपाटात वरच्या कप्प्यात आहे, फॉल निघालाय तो लावून घ्या. हळदीला कुणीतरी फोन नीट धरा, साखरपुड्याला अर्धा तास मला मांडवाचं छत दिसत होतं. आई तू रडू नकोस, तू रडलीस की मला इथं काम सुचत नाही.

कराडच्या स्थळाचं, मुलगा चांगला असेल, मी नाही म्हणत नाही, पण हिंजवडीतली नोकरी सोडून तो इकडं येणार आहे का हे आधी विचारा, आणि मी सोडून यायचं असं कुणी गृहीत धरत असेल तर शब्द देऊ नका. पत्रिका दिली असेल तर असू दे. फोटो तो निळ्या ड्रेसमधला देऊ नका. आणि आत्याला सांगा, नाही, इथं कुणी नाही.

कंदी पेढे कुरिअर करू नका, पेढ्यांपेक्षा कुरिअर महाग पडतं. येसर आणि चटणी मात्र कुणी येणारं असलं तर पाठवा.

थोरांना नमस्कार, चिमीला पापा.
तुमची,
बाबी

ता. क. बँकेचा ओटीपी बाबांच्या नंबरवर येईल, मंगळवारी दुपारी. तो फक्त मलाच सांगा, बँकेतनं बोलतोय म्हणून कुणाचा फोन आला तरी देऊ नका.