गोळी सोडवण्याच्या घाईत माणूस हातचा जाऊ नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गर्दच्या, म्हणजे अशुद्ध हेरॉइनच्या, व्यसनातून बाहेर पडण्यासाठी डॉक्टरांनीच सुरू करून दिलेली गोळी पुढे कमी कशी करायची, कधी करायची आणि ती बंद करण्याचा आग्रह मुळात धरावा का, हा प्रश्न राज्यातील अनेक घरांत रोज निघतो. वर्तमानपत्रांत मात्र छापे, जप्ती आणि अटका यांनाच जागा मिळते. मुंबई परिसरातील एका सरकारी रुग्णालयाच्या ओएसटी केंद्रात परिचारिका म्हणून मी बरीच वर्षे काम केले आणि आता निवृत्त झाले आहे. त्या कामात जे पाहिले, त्याच्या आधाराने हे पत्र लिहीत आहे.

ओएसटी म्हणजे गर्द, हेरॉइन किंवा तत्सम अफूजन्य पदार्थांच्या जागी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाणारे, शरीरात बराच काळ टिकणारे औषध. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ते ब्युप्रेनॉर्फिन असते, तर मोजक्या केंद्रांत मेथाडोन. मेथाडोनचा असा वापर १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी नायस्वँडर या डॉक्टरांनी सुरू केला. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली, आणि एकमेकांची सुई वापरून एचआयव्ही पसरतो हे लक्षात घेऊन आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमानेही तिसऱ्या टप्प्यात हा उपचार स्वीकारला. तेव्हा हा काही कुणा एका डॉक्टरच्या मनात आलेला उपाय नव्हे.

आमच्या केंद्रात गोळी रुग्णाच्या हातात देण्याची पद्धत नव्हती. रजिस्टरवर सही झाली की गोळ्यांची भुकटी करून आम्ही ती त्याच्या जिभेखाली ठेवायचो. ती विरघळेपर्यंत पाच-सात मिनिटे त्याने समोरच्या बाकावर न बोलता, थुंकी न गिळता बसायचे, मग तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची आणि कामावर जायचे. त्या बाकावर हमाल असत, रिक्षावाले असत, लग्नाच्या हंगामात वाढपी म्हणून जाणारी पोरे असत. ज्यांचा सारा दिवस पुडी मिळवण्यात, ओढण्यात आणि पुढच्या पुडीचे पैसे जमवण्यात जात होता, ती माणसे काही महिन्यांनी पगाराची, मुलांच्या शाळेची, घरभाड्याची गोष्ट करू लागत. या औषधाने नशा चढत नाही. योग्य मात्रेत ते टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याने शरीराला होणारा त्रास, लागू देत नाही आणि गर्दची ओढ कमी करते, एवढेच त्याचे काम आहे. ब्युप्रेनॉर्फिनचा श्वासोच्छ्वासावरचा परिणाम एका मर्यादेपुढे वाढत नाही, म्हणून ते हेरॉइनपेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे. मात्र त्याच्यावर दारू किंवा झोपेच्या गोळ्या, ज्यांना रस्त्यावर ‘बटण’ म्हणतात, घेतल्या तर ही सुरक्षितता उरत नाही, हेही सांगायला हवे.

हे औषध शरीराच्या अंगवळणी पडते, यात लपवण्यासारखे काही नाही. ते अचानक थांबवले तर त्रास होणारच. गर्दची टर्की काही तासांत सुरू होते आणि साधारण आठवडाभरात ओसरते. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन बंद केल्यावरचा त्रास एक-दोन दिवस उशिराने सुरू होतो आणि कित्येक आठवडे रेंगाळतो. त्याची तीव्रता कमी असली तरी तो चिवट असतो; झोप लागत नाही, पाय ओढतात, पोट बिघडते, अंगावर काटा येतो, आणि मन कशातच रमत नाही. पहिल्या दोन दिवसांत काहीच झाले नाही म्हणून ‘बघा, गोळीशिवाय चालते’ असे घरचे म्हणतात, आणि नेमक्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस कोसळतो.

आमच्याकडे येणारा एक टेम्पोचालक तरुण चांगला स्थिरावला होता. त्याचे लग्न ठरले आणि सासरच्यांना कळण्याआधी गोळी सुटली पाहिजे म्हणून घरच्यांनी त्याला दुसऱ्या जिल्ह्यातील एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल केले. दाखल करून घेतानाच त्याच्या औषधाचे कार्ड काढून घेण्यात आले आणि ‘एका नशेच्या जागी दुसरी नशा इथे चालत नाही’ असे त्याला सुनावण्यात आले. आमच्या केंद्राला कुणीही फोन केला नाही, त्याची मात्रा किती होती हे विचारले नाही. रात्रभर येरझारा घालतो म्हणून त्याला वेगळ्या खोलीत कोंडले गेले, हे त्याने नंतर मला सांगितले. काही महिन्यांनी ‘बरा झाला’ म्हणून तो घरी आला आणि थोड्याच दिवसांत पूर्वीच्या मापाने गर्द ओढून बसला. शरीराची सहनशक्ती तोवर उतरली होती. जे माप पूर्वी पचत होते, त्यानेच त्याचा श्वास मंदावला. शेजारी कुणी होते म्हणून तो रुग्णालयात पोहोचला आणि वाचला. सगळेच पोहोचत नाहीत.

या बाबतीत जगभराचा अनुभव पुरेसा स्पष्ट आहे. स्वीडनमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेरॉइनच्या आहारी गेलेल्या ४० जणांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन दिले गेले, दुसऱ्या गटाचे औषध सहा दिवसांत उतरवून बंद केले गेले. समुपदेशन दोघांनाही सारखेच होते. वर्षअखेर पहिल्या गटातील ७५ टक्के रुग्ण उपचारांत टिकून होते, दुसऱ्यातील एकही नव्हता, आणि दुसऱ्या गटातील २० पैकी ४ जण दगावले होते. अमेरिकेत वेदनाशामक अफूजन्य गोळ्यांच्या आहारी गेलेल्या ६५३ रुग्णांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. औषध चालू असताना त्यांतील जवळपास निम्मे रुग्ण सावरले होते. औषध उतरवून थांबवल्यानंतर दोन महिन्यांनी सावरलेल्यांचे प्रमाण ८.६ टक्क्यांवर आले. हे आकडे वाचून कुणी हताश होऊ नये. औषध बंद करणे म्हणजेच बरे होणे हा समज किती महागात पडतो, ते त्यांतून दिसते.

याचा अर्थ गोळी कधीच सोडू नये असा नाही. काही जणांना ती सोडायची असते आणि ती इच्छा रास्त आहे. रोज सकाळी केंद्रावर हजेरी लावणे सोपे नाही; त्यापायी गावाकडचे कार्य चुकते, बाहेरगावची नोकरी घेता येत नाही, शेजारी विचारतात. शिवाय बद्धकोष्ठता, घाम, सुस्ती अशा तक्रारी असतात. पण सोडायची तर ती रुग्णाच्या मनाने आणि त्याच्या वेगाने. नोकरी, घर, झोप या गोष्टी मार्गी लागलेल्या असाव्यात, गर्द पूर्ण थांबलेला असावा. मात्रा दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी उतरवावी, त्रास वाढला तर तिथेच थांबावे, गरज पडली तर पुन्हा एक पायरी वर जावे आणि त्याला अपयश समजू नये. शेवटचे दोन मिलिग्रॅम सोडणे सर्वांत अवघड जाते, हा आमच्या केंद्रातला नेहमीचा अनुभव आहे. त्यामुळे तिथे घाई मुळीच करू नये. गरोदर स्त्रीचे औषध तर तडकाफडकी थांबवूच नये, कारण टर्कीचा धोका पोटातल्या बाळालाही असतो. ओढ रोखण्यासाठी नाल्ट्रेक्सोन हे अफूजन्य पदार्थांचा परिणाम अडवणारे औषध द्यायचे असेल, तर शेवटच्या गोळीनंतर पुरेसे दिवस, बहुधा दोन आठवड्यांपर्यंत, जाऊ द्यावे लागतात. आधीच दिले तर एकदम तीव्र टर्की लागते. ही जोखमीची कामे डॉक्टरांशिवाय चालणाऱ्या केंद्रात होणार कशी?

पुनर्वसन केंद्रांविषयी माझ्या मनात आकस नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून जे काम उभे केले, त्यामुळे व्यसनी माणसाकडे रुग्ण म्हणून पाहण्याची दृष्टी महाराष्ट्राला मिळाली, असे मी मानते. गटचर्चा, कुटुंबीयांच्या सभा, व्यसनातून सुटलेल्या सहकाऱ्यांचा आधार, दिवसाला लागलेली शिस्त, यांतले काहीही गोळीने मिळत नाही. आमच्या केंद्रातही औषध पोटभर आणि समुपदेशन चवीपुरते, अशीच स्थिती होती. एका समुपदेशकाकडे इतके रुग्ण असत की त्यांची नावे लक्षात ठेवणेही कठीण जाई. म्हणूनच या दोन व्यवस्था एकमेकींपासून तुटलेल्या राहू नयेत असे मला वाटते. औषध चालू ठेवून निवासी उपचार घेता आले, तर कित्येकांना दोन्हींचा लाभ होईल, आणि ज्याला औषध सोडायचे आहे त्याला ते माणसांच्या सोबतीने सोडता येईल.

गोळ्यांच्या गैरवापराचा मुद्दा खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. ब्युप्रेनॉर्फिन काळ्या बाजारात विकले जाते, काही जण ते सुईने टोचून घेतात. म्हणूनच त्यात नालोक्सोन हे अफूजन्य पदार्थांचा परिणाम उतरवणारे औषध मिसळलेली गोळी आली. जिभेखाली ठेवल्यास त्या नालोक्सोनचा परिणाम जवळजवळ होत नाही, टोचल्यास मात्र टर्की लागू शकते. पंजाबने २०१७ मध्ये ही गोळी बाह्यरुग्ण केंद्रांतून मोठ्या प्रमाणावर द्यायला सुरुवात केली. तिथे लाभही दिसला आणि गोळ्यांच्या हिशेबाच्या तक्रारीही झाल्या. यावर उपाय हिशेब चोख ठेवण्याचा आहे. प्रामाणिकपणे रांगेत उभ्या राहणाऱ्याची गोळी तोडण्याचा नव्हे. २०२०च्या टाळेबंदीत स्थिर रुग्णांना काही दिवसांच्या गोळ्या घरी नेण्याची मुभा मिळाली होती, तेव्हा आमच्या बहुतेक रुग्णांनी तो विश्वास राखला.

२०१९ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल आला. अफूजन्य पदार्थांमुळे उपचारांची किंवा मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख लोक देशात आहेत आणि ज्या राज्यांत त्यांची संख्या मोठी आहे त्यांत महाराष्ट्र आहे, असे त्यात नमूद आहे. कायदाही अपुरा नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यात अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश आहे, आस्थापनांना नोंदणी बंधनकारक आहे, आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास सक्त मनाई आहे. तरीही कुटुंबाने पैसे भरले म्हणून माणूस उचलून नेणारी केंद्रे चालू आहेत.

राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाने नोंदणीच्या अटींमध्ये तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात, अशी माझी विनंती आहे. दाखल होणाऱ्या प्रत्येकाला कोणते औषध, किती मात्रेत आणि कुठून चालू आहे याची नोंद पहिल्याच दिवशी व्हावी आणि त्या केंद्राशी संपर्क साधावा. मनोविकारतज्ज्ञाच्या लेखी सल्ल्याशिवाय पर्यायी औषध थांबवू नये. आणि सुटी देताना रुग्णाला व घरच्यांना सहनशक्ती उतरल्याचा धोका समजावून सांगून, परत औषध घ्यावेसे वाटले तर कुठे जायचे याचा पत्ता हातात द्यावा.

ज्या घरात आज असा रुग्ण आहे त्यांनी १४४४६ या व्यसनमुक्तीच्या निःशुल्क राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारणा करावी, आणि कोणत्याही केंद्रात पैसे भरण्याआधी तिथे डॉक्टर कोण आहेत, ते रोज येतात का, आणि चालू गोळीचे ते काय करणार आहेत, हे आधी विचारून घ्यावे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, ठाणे