सेकंडरीचे निबंध आणि आजीचे दोन शब्द

एडिसन, न्यू जर्सी
८ जुलै

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मेडिकल कॉलेजं पहिल्या अर्जानंतर जो दुसरा, सेकंडरी अर्ज मागवतात, त्यासाठी तू लिहून पाठवलेले सहाही निबंध मी दोनदा वाचले. एकदा रात्री फोनवर आणि आज पहाटे प्रिंट काढून, हातात पेन्सिल घेऊन. फोन केला असता, पण फोनवर तू लगेच "हो आई, कळलं" म्हणतेस आणि माझं बोलणं अर्धंच राहतं. म्हणून लिहायला बसले. शनिवारची मराठी शाळा सुटल्यापासून एवढं लांबलचक मराठी तू वाचलं नसशील. सावकाश वाच, कुठे अडलं तर विचार.

मी डॉक्टर नाही की कुठल्या अ‍ॅडमिशन कमिटीवर नाही. पण सतरा वर्षं दवाखान्यात रजिस्ट्रेशनच्या खिडकीशी बसते आहे. माणसं स्वतःबद्दल काय सांगतात आणि काय गाळतात, हे रोज ऐकते. तुझे निबंध वाचताना सारखं वाटत होतं की जे सांगायला हवं तेच तू गाळलं आहेस.

"तुमचं एखादं अपयश सांगा" या प्रश्नापासून सुरू करते, कारण तिथे मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. तू ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या बी ग्रेडवर लिहिलंस. मग टाइम मॅनेजमेंट शिकले, स्टडी ग्रुप केला, पुढच्या सेमिस्टरला ए मिळाला. यात खोटं काही नाही. पण तुझ्या ग्रेड्स त्यांच्यासमोर आहेतच, आणि त्या बीमुळे तुझी एक रात्रीचीसुद्धा झोप उडाली नव्हती, हे मला माहीत आहे. तुझी झोप कशाने उडाली होती तेही माहीत आहे.

तू आठवीत होतीस. आजी साताऱ्याहून आली होती, मुक्काम दोनदा लांबला होता आणि तिच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या संपत आल्या होत्या. इथल्या औषधाचा खर्च नको म्हणून तिने आम्हाला न सांगता एक दिवसाआड गोळी घ्यायला सुरुवात केली. त्या दिवशी मी गाडी लावायला गेले आणि तू तिच्याबरोबर आत गेलीस. डॉक्टरांनी विचारलं, गोळी रोज घेतात का? आजी म्हणाली, "घेते की, असतील तशा." तू इंग्रजीत सांगितलंस, हो, रोज घेते.

"असतील तशा." हे दोन शब्द तू गाळलेस. मुद्दाम नाही. घाई होती, बाहेर मैत्रिणीचा मेसेज आला होता, आणि तुला वाटलं की त्यात काय एवढं. डॉक्टरांनी जे ऐकलं त्यावर बरोबर तेच केलं: रोज गोळी घेऊनही प्रेशर एवढं चढलेलं, म्हणजे हे औषध पुरत नाही. त्यांनी डोस वाढवला आणि एक गोळी जोडली. आजीने नवीन औषध मात्र इमानदारीने रोज घेतलं, वर जुन्याही घेतल्या. पाचव्या दिवशी सिंकपाशी भांडी विसळताना तिला घेरी आली. मनगटाला सहा आठवडे प्लास्टर होतं. देवघरातल्या हळदीकुंकवाच्या डब्याखाली जुनी पाकिटं तुलाच सापडली. जी रिकामी असायला हवी होती त्यांत गोळ्या शिल्लक होत्या. तू त्या जमिनीवर मांडून मोजत बसली होतीस, हे मी दारातून पाहिलं. तू काही बोलली नाहीस, मीही बोलले नाही. चूक माझीही होती, चौदा वर्षांच्या मुलीवर ते काम टाकायला नको होतं. तातडीची वेळ सोडली तर लहान मुलांना दवाखान्यात दुभाषी करू नये, असा नियम इथे उगीच केलेला नाही.

बाळा, तो निबंध इथे आहे. कॉलेजात गेल्यावर पहिल्याच वर्षी तू मेडिकल इंटरप्रिटरचं, म्हणजे दवाखान्यातल्या दुभाषाचं, प्रशिक्षण का घेतलंस, हे कोणी विचारलं तर तू "कम्युनिटी सर्व्हिस" म्हणतेस. मला खरं कारण माहीत आहे. ते लिही. आणि लिहिताना स्वतःला लवकर माफ करू नकोस. तुझ्या मसुद्यात चूक एका वाक्यात संपते आणि शिकवण चार वाक्यं चालते. हे प्रमाण उलट कर. त्या खोलीत काय झालं ते नीट सांग, मग आज तू काय वेगळं करतेस तेवढंच सांग: रुग्ण "हो" म्हणाला की तू थांबतेस, डॉक्टरांना सांगून पुन्हा विचारतेस, "काल घेतली का? परवा?" वाचणाऱ्याला पुढचं आपोआप कळेल.

आता दुसरा निबंध, ज्यात तू वेगळं काय घेऊन येशील असं विचारलं आहे. इथल्या सुप्रीम कोर्टाचा जून २०२३ चा निकाल आल्यापासून कॉलेजांना वंशाच्या आधारावर प्रवेश देता येत नाही. पण आपल्या पार्श्वभूमीने आपल्याला काय अनुभव दिले आणि त्यातून काय घडलं हे लिहायला त्याच निकालाने मोकळीक ठेवली आहे. तू लिहिलंस गणपती, दिवाळी, मंडळातलं लेझीम. मला वाचायला फार आवडलं, डोळे भरून आले. पण परीक्षकाच्या टेबलावर त्या दिवशी अशा दहा दिवाळ्या असतील. शिवाय लेझीम खेळणारी मुलगी रुग्णाच्या काय कामाची, हे त्यात कुठेच येत नाही.

तुझ्याकडे जे आहे ते फार थोड्यांकडे आहे. मागच्या थँक्सगिव्हिंगला स्वयंपाकघरात तू मला सांगत होतीस, आठवतं? एक आजोबा म्हणाले, "अंगात कणकण आहे." तू डॉक्टरांना ताप आहे असं सांगायला तोंड उघडलंस आणि थांबलीस, कारण कणकण म्हणजे ताप नव्हे, तापाच्या आधीचं काहीतरी, थर्मामीटरवर न दिसणारं. "जीव घाबरा होतो" हे तर त्याहून कठीण. ते हृदयाचं दुखणं असू शकतं, मनाचं असू शकतं, आणि ज्या बाईने हे म्हटलं तिला स्वतःलाही ठाऊक नसतं. तू तिथे नेमकं काय करतेस? शब्द तसाच ठेवून डॉक्टरांना सांगतेस की याचे दोन अर्थ होऊ शकतात, मी विचारून घेते. त्या वेळी तुझा चेहरा मी पाहिला होता. निबंधात तो चेहरा कुठे आहे? एक शब्द घे, एक रुग्ण घे, नाव-गाव काढून टाक, आणि ती दोन मिनिटं जशीच्या तशी लिही.

"आमचंच कॉलेज का" या प्रश्नाचं तुझं उत्तर नेवार्कच्या मेडिकल कॉलेजचं नाव पुसून कुठलंही नाव घातलं तरी चालेल असं आहे. अद्ययावत सुविधा, सहकार्याचं वातावरण, संशोधनाच्या संधी. मी इतकी वर्षं नेवार्क पेन स्टेशनवरून ये-जा करते आणि त्या मेडिकल कॉलेजचा इतिहास मला तुझ्यामुळे वाचावासा वाटला. १९६०च्या दशकात त्या कॉलेजसाठी सेंट्रल वॉर्डमधली सुमारे १५० एकर जागा मोकळी करायचं ठरत होतं. तिथे राहत होती बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबं. जुलै १९६७ मध्ये शहर पेटलं, २६ माणसं गेली, आणि त्या असंतोषाच्या कारणांत ही जागाही होती. १९६८ मध्ये रहिवाशांनी वाटाघाटी करून जागा ६० एकरांच्या आत आणली आणि आसपासच्या लोकांच्या उपचारांची हमी मिळवली. तिथल्या विद्यार्थ्यांनी चालवलेलं मोफत क्लिनिकही तेव्हापासूनचं, देशातल्या सगळ्यात जुन्यांपैकी.

हा इतिहास निबंधात उतरवून काढू नकोस, त्यांना तो पाठ आहे. पण हे माहीत असलेली मुलगी "सुविधा" हा शब्द तसाच लिहिणार नाही. त्या क्लिनिकमध्ये भाषेची अडचण कशी सोडवतात, तिथे तुला काय करता येईल, काय शिकायचं आहे, हे लिहील. प्रत्येक कॉलेजासाठी एक संध्याकाळ अशी दे. ज्या कॉलेजाबद्दल संध्याकाळभर वाचूनही लिहायला काही सापडणार नाही, तिथे अर्ज करायचा का, याचा विचार कर. फीचं मी बघते, पण प्रश्न फीचा नाही.

फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल मेडिकल कॉलेजच्या निबंधात तू आनंदीबाई जोशींना आणलंस. मोह मला कळतो. त्या कल्याणच्या, तुझे बाबा कल्याणचे. ज्या कॉलेजातून त्या १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या त्याचा वारसा आज ड्रेक्सेलकडे आहे, आणि अमेरिकेत आल्यावर त्या ज्यांच्याकडे उतरल्या ते घर रोझेलला, आपल्यापासून अर्ध्या तासावर. पण तुझ्या परिच्छेदात आनंदीबाईच दिसतात, तू दिसत नाहीस. त्यापेक्षा त्यांनी जून १८८३ मध्ये प्रवेशासाठी कॉलेजला लिहिलेलं पत्र वाच, ते तिथल्याच संग्रहात आहे. अठरा वर्षांची मुलगी. दहा दिवसांचं बाळ गमावलेली. त्या पत्रात ती लिहिते की आमच्या बायका मरण पत्करतील पण पुरुष डॉक्टरकडून उपचार घेणार नाहीत, आणि त्यांच्यासाठी मला शिकायचं आहे. काय कमी आहे, कोणाला कमी आहे, मी काय करणार. एवढंच. आनंदीबाईंचं नाव काढ आणि त्यांची ही रीत ठेव.

बाकीचं थोडक्यात. पहिल्या अर्जातल्या पर्सनल स्टेटमेंटला, म्हणजे डॉक्टर का व्हायचं त्या निबंधाला, तुला ५,३०० अक्षरं मिळाली होती, इथे कुठे २,००० अक्षरं, कुठे २५० शब्द. ही मर्यादा आधी बघ, मग लिहायला बस. तीच गोष्ट कापून लहान केली की तिचं हाड मोडतं, लहान जागेसाठी लहान गोष्टच निवड. प्रश्नात दोन भाग असतील तर दोन्हींचं उत्तर दे, तुझ्या सहापैकी दोन निबंधांत दुसरा भाग राहून गेला आहे. एका कॉलेजाचा निबंध दुसऱ्याला वापरलास तर नाव बदललं आहे की नाही हे कागदावर बोट ठेवून बघ. सेकंडरी हातात आल्यापासून दोन आठवड्यांत पाठवलेली बरी असं सगळे म्हणतात आणि ते खरं आहे, मुलाखती आधी येणाऱ्यांतून दिल्या जायला लागतात. पण घाईने काय होतं ते तू आठवीतच पाहिलं आहेस. ज्या काकूंनी निबंध लिहून देणाऱ्या माणसाचा नंबर दिला, त्यांना मी नम्रपणे नाही सांगितलं. तुझं वाक्य थोडं वाकडं असलं तरी ते तुझंच असू दे, कारण मुलाखतीत त्याच वाक्यावर प्रश्न येईल आणि तिथे उत्तर द्यायला तू एकटी असशील.

एक काम मात्र सगळ्यात आधी कर. आजीला विचार. गोष्ट तुझी आहे तशी तिचीही आहे, आणि गोळ्या लपवल्याचं तिने अजून मामालासुद्धा सांगितलेलं नाही. गुरुवारी रात्री साडेनऊला फोन लाव, तिच्याकडे शुक्रवारची सकाळ असते, चहा घेऊन ती ओट्यावर बसलेली असते. आडवळणाने विचारू नकोस. ती "लिही की" म्हणाली, तर पुन्हा एकदा विचार.

तुझी,
आई